पावण्यांचं मूळ गाव

आगं रंगू, ते पातेलं ठेव खाली आन् बस हितं. लग्नाच्या बैठकीत तुझ्या बापानं विचारलं हुतं न्हवं, "आडनाव पावणे म्हंजी मूळचं कुठलं वो तुमी?" तवा तुझे मामंजी नुसतं हासले. मी बी गप बसले. म्हटलं, सोयरीक जमूस्तवर जीभ आवरावी, उगं सून हातची जायची. आता तू घरात आलीस, पाचगणीची थंडी सोडून आमच्या उसाच्या घामात आलीस, आता ऐक. ह्या घरच्या सुनंला ही गोष्ट ठावं नसली तर ती सून कसली? आन् माझ्याच तोंडनं ऐक. मामंजींना विचारशील तर ते "काय न्हाई गं पोरी, जुनं हाय ते" म्हणत्याल आन् टोपी घालून रानात जातील. लय सोशीक माणूस. त्यांच्या सोशीकपणानंच मला म्हातारी केली.

आपलं खरं आडनाव पुकळे. तिकडं माणात काळखडक म्हणून खेडं हाय. कुसळाबिगर काय उगवत न्हाई तिथं. तिथनं मामंजींचा पणजा, गुंडा पुकळे, मेंढरं घेऊन ह्या वडजाईवाडीला यायचा. तवा शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रानाला लेंड्यांचं खत, मेंढक्याला जुंधळं. दर साली गुंडा यायचा, दर साली माघारी जायचा. एका साली गेलाच न्हाई. ओढ्याकडंला खोप घातली आन् हितंच ऱ्हायला. का ऱ्हायला ते कुणाला ठावं न्हवतं. गाव म्हणायचं, "पावणा अजून हायच व्हय रं?" झालं! त्याचा ल्योक ज्ञानू, तो पावण्याचा ज्ञानू. ज्ञानूचा ल्योक अर्जुना, माझा सासरा, तो अर्जुना पावणा. मामंजी शाळंत गेले तवा मास्तरांनी आडनाव इचारलं, सगळी पोरं वरडली, "पावणे!" आन् मास्तरांनी तसंच लिवलं. चार पिढ्या हितं राबल्या, तरी पावणं ते पावणंच.

नाव काय वाईट न्हाई. पण गुंडानं काय केलं, सांगती. ओढ्याकडंचा माळ सगळा खडक. गाढव बी चरायचं न्हाई तिथं. तो माळ त्यानं फोडला. त्याच्या लेकानं दगडं उचलून बांधाच्या ताली घातल्या. माझ्या सासऱ्यानं हीर पाडली, आन् तुझ्या मामंजींनी तिच्यावर इंजन बसवून ऊस केला. आज गावात कुणाचा ऊस बघायला लोक येत्यात? पावण्याचा! मी फुशारकी मारती असं म्हणशील. मारती. मारायलाच पायजे. आयतं कोण देत न्हाई ह्या दुनियेत.

मग तो मोठा दुष्काळ पडला. तू तवा बारकी असशील. गावच्या आडात चिखल उरला. आपल्या हिरीला तेवढा जिवंत झरा. मामंजींनी इंजन बंद केलं, ऊस वाळू दिला आन् सगळ्या गावाला सांगितलं, दोर घिऊन या. लेकरागत वाढवलेला ऊस डोळ्यादेखत करपला, रंगू. मी लय भांडले. म्हटलं, "गाव आपल्याला पावणं म्हणतंय आन् तुमी गावाचं बाप व्हायला निघालासा व्हय?" ते म्हणाले, "तहान लागल्यावर आडनाव इचारायचं आसतंय का?" मग मीच खुट्टीवरला दोर काढून दिला.

पुढच्या साली पाऊस झाला, गाव सावरलं आन् गिरामपंचायतीची निवडणूक लागली. लोकच आले दारात, "अण्णा, तुमी उभं ऱ्हावा." मामंजी आधी न्हाई म्हणाले, मग राजी झाले. समोर कोण? पाटलाचा दादासो. दोन पॅनेलं सारखीच तगडी, आन् मधल्या वॉर्डात ह्या दोघांची गाठ. तिथं जो येईल तो सरपंच, हे शेंबड्या पोराला बी कळत हुतं.

दादासो माणूस वाईट न्हवं. उगं कशाला खोटं बोलू? अडलेल्याला बैल देणारा गडी. पण ताठा असा की वाकायचं म्हटलं तर कण्यातनं कडकड आवाज यावा. त्याच्या बापजाद्यांची पाटीलकी, आन् पुढ्यात कोण उभं ऱ्हायलं, तर मेंढक्याचा पणतू. त्याचा जीव जळला. आन् एक दिस देवळाच्या भिताडावर गेरूनं लिवलेलं दिसलं, 'पावण्याला भाकरी द्या, मत देऊ नका.'

गाव हासलं. आपलीच माणसं बी हासली. पोरं वरडत गल्लीनं फिराय लागली. मी आडावर गेले तर दादासोची चुलती धोंडुबाई म्हणती, "काय गं पावणीबाई, मुक्काम अजून किती दिस?" मी घागर खाली ठेवली आन् म्हटलं, "दुष्काळात माझ्या हिरीवर रिकामी घागर घिऊन कोण आलं हुतं? तवा पावणी कोण हुती गं?" तिनं अर्धीच घागर उचलली आन् घरची वाट धरली.

पण मामंजींच्या जिवाला ते लागलं. भाकरी पुढ्यात घेत्यात आन् नुसतं बघत बसत्यात. म्हणाले, "त्यांचं खोटं काय हाय? आपण आलेलीच माणसं. उगं गावात दुही कशाला? मी फारम माघारी घेतो." माझं डोसकं सणकलं. म्हटलं, "आज माघार घेतली तर ह्या घरातली पोरं जलमभर मान खाली घालून चालतील. गाव म्हणंल, बघा, पावणा हुता म्हणून निघाला. सरपंचकी गेली चुलीत, आपलं हितलं असणंच जाईल!" तुझा नवरा तवा शाळंत जात हुता, त्याला बी पोरं चिडवायची. माघारीच्या शेवटच्या दिशी मामंजींनी टोपी घातली आन् फारम काढायला तासगावच्या कचेरीत जायची यष्टी धरायला निघाले. मी बी मागनं निघाले. कशाला, ते मला बी ठावं न्हवतं. हात धरून वढत आणायचं मनात हुतं, पण चारचौघांत नवऱ्याचा हात कोण धरतंय?

यष्टी देवळापुढं थांबायची. बघती तर देवळापुढं ही गर्दी! हेळवी आला हुता. तुमच्याकडं हेळवी येतो का न्हाई कुणास ठावं. अथणीकडनं येत्यात ते. सजवलेल्या बैलावर बसून, गावोगाव. प्रत्येक घराचा वंश त्यांच्या तोंडात असतो. कुणाचा बाप कोण, आजा कोण, कुठनं आला, कुणाच्या पोटी काय जलमलं, सारं गाणं म्हटल्यागत सांगत्यात. चार-पाच सालानं एकदा फेरी. घरात नवीन जीव जलमला आसंल तर तो त्यांना सांगायचा, ते वंशात घालत्यात. आपल्या गावचा हेळवी सिदराम. म्हातारा, आवाज मातूर घंटंगत.

एरवी हेळवी घरोघरी जातो, सारा वंश कोण ऐकतंय, नुसती नावं सांगून दाणं घेतो. पण दादासोनं त्याला गाठून देवळापुढं बसवला. निवडणूक न्हवं का! म्हटला आसंल, गावाला कळू दे पाटलाचं मूळ किती खोल हाय आन् पावण्याचं किती. नवं धोतर दिलं, पटका दिला, पायलीनं जुंधळं घातलं आन् सगळ्यांपुढं बोलला, "सिदराम, पयल्यापासनं सांग. काय बी गाळू नगंस!"

सिदराम म्हणाला, "धनी, वंश सुरू केला की मधी थांबत न्हाई. मधी थांबला तर वंश तुटतो म्हणत्यात."

"कोण थांबवतंय? सांग तू," दादासो मिशीवर हात फिरवून म्हणाला. करायला गेला गणपती आन् झाला मारुती, रंगू!

सिदरामनं डोळं मिटलं आन् सुरू केलं. मूळ पुरुष कोण, त्यानं गाव कसं वसवलं, कुणी हीर बांधली, कुणी लढाईत हात गमावला. दादासोची मान वर वर चालली. आमची माणसं खाली बघाय लागली. मामंजी यष्टीच्या वाटंकडं तोंड करून हुभे. असं करत करत सिदराम दादासोच्या आज्यापतुर आला.

"नाथाजी पाटील. नाथाजीची बायकू चंद्राबाई. पिलेगाचं साल. गाव घरं टाकून रानात पडलेलं. खोपीत चंद्राबाईनं ल्योक दिला आन् त्याच दिशी डोळं मिटलं. ल्योकाचं नाव भाऊसो."

भाऊसो म्हंजी दादासोचा बाप. पहाडागत माणूस हुता. "गाईच्या दुधावर वाढलाय आमचा बाप!" असं दादासो छाती ठोकून सांगायचा. सगळ्या गावाला ते पाठ हुतं.

सिदराम पुढं म्हणाला, "लेकरू पिलेगाच्या घरातलं. कोण हात लावंना. भाऊबंद लांब पळालं. लेकरू रडून रडून निळं पडलं. तवा ओढ्याकडंच्या रानात मेंढरं बसलेली. गुंडा पुकळ्याची बायकू बनुबाई, तिच्या अंगावर आपलं लेकरू, ज्ञानू. ती आली, तिनं पाटलाचं लेकरू उचललं. एका मांडीवर ज्ञानू, दुसऱ्या मांडीवर भाऊसो."

"ए!" दादासो ताडकन उठला. "काय सांगतुयास? थांब!"

सिदरामनं डोळं उघडलं. "थांबू धनी? मधीच थांबू?"

आता काय म्हणतोय दादासो! वंश तुटायचा. घरात दोन ल्योक, एक नातू. तोंड लालबुंद झालं. चुलती धोंडुबाई पदराआडनं म्हणाली, "सांगू दे रं बाबा, सांगू दे, थांबवू नगंस." तो खाली बसला.

"मेंढरं माघारी निघायचा दिस आला," सिदराम म्हणाला. "गुंडा म्हणाला, चल. बनुबाई म्हणाली, पाटलाचं लेकरू अंगावर पितंय, टाकून कशी येऊ? गुंडानं मेंढरं भावासंगं लावून दिली आन् आपण ऱ्हायला. पाटलाचा वंश जगला म्हणून पुकळ्याचा वंश ह्या गावात रुजला."

रंगू, तुला सांगती, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एका साली गेलाच न्हाई, गेलाच न्हाई, म्हणत आली सारी. का गेला न्हाई, ते त्या माउलीनं आपल्या सुनंला बी सांगितलं नसणार. दूध पाजलं ते सांगायचं नसतं, असं मानणारी माणसं ती. मला भडाभडा रडाय आलं. पदरानं तोंड पुसलं आन् बघितलं, तर यष्टी आलेली! कंडक्टर हाळी देतुय आन् मामंजींचा एक पाय पायरीवर. एवढं ऐकून बी हा माणूस निघालाच हुता. म्हणत असतील, आता तर जायलाच पायजे, दादासोची आणखी शोभा नगं.

मग मात्र माझं भान सुटलं. हातातला चांदीचा गोठ काढला, बायकांतनं उठून पुढं गेले आन् सिदरामच्या झोळीत टाकला. म्हटलं, "हेळवीबाबा, आता पुकळ्याचा वंश सांग."

बाप्ये कुजबुजाय लागले, बाईमाणूस देवळापुढं येतंय म्हणून. सिदराम मातूर हासला आन् सुरू झाला. "गुंडा पुकळे, बायकू बनुबाई. त्यांचा ज्ञानू. ज्ञानूचा अर्जुना. अर्जुनाचा ल्योक..." आन् तो थांबला. ठावं हुतं त्याला, पण शेवटलं नाव घरच्यांनीच सांगायचं, हा त्यांचा रिवाज. माझ्याकडं बघाय लागला.

आता नवऱ्याचं नाव मी कवा घेतलं हुतं? लग्नात घेतलं ते, आन् ते बी उखाण्यात गुंडाळून. देवळापुढं सारं गाव बसलेलं, म्हातारी-कोतारी, सासऱ्याच्या वयाची. म्हटलं, गेली लाज! खणखणीत आवाजात म्हटलं, "जोतीराम!"

पायरीवर पाय ठेवून मामंजी वळले. असं बघाय लागले माझ्याकडं, जशी कोण नवीनच बाई बघितली.

"जोतीराम," सिदराम म्हणाला. "आन् मूळ गाव?"

हा सवाल बी रिवाजाचा. दर फेरीला हेळवी इचारायचा आन् दर फेरीला ह्या घरानं 'काळखडक' सांगितलेलं. ज्ञानूनं तेच सांगितलं, अर्जुनानं तेच, मामंजींनी बी तेच. गाव आपल्याला पावणं म्हणतंय म्हणून मी चिडायची, पण आपणच पिढ्यान् पिढ्या हेळव्याजवळ पावणेपण नोंदवत आलेलो! हे मला त्या टायमाला कळलं. आन् मी नाव घेतलं, पण गाव सांगायचा मान बाप्याचा. सगळं गाव मामंजींकडं बघाय लागलं.

"बसताय का जाऊ?" कंडक्टर वरडला.

मामंजींनी तोंड उघडलं. जिभंला वळण पडलेलं. "काळख..." एवढंच आलं.

"वडजाईवाडी घाल!"

कोण बोललं म्हणून मी वळले. दादासो! उभा ऱ्हायलेला, डोळं तांबडं, मिशी थरथरत हुती. "वडजाईवाडी घाल, सिदराम. ह्याच गावचा हाय त्यो." मग यष्टीकडं वळून असा गरजला की बैल बुजला. "आन् जोत्या! फारम माघारी घेतलास तर तंगडं मोडीन. मी तुला पाडणार हाय. पण गावचा म्हणून पाडणार, ध्येनात ठेव! उतर खाली!"

मामंजींनी पायरीवरला पाय काढला. सोशीक माणूस, सगळी हयात 'व्हय, व्हय' म्हणण्यात गेली. त्या दिशी पयल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "पाड की! पळतंय कोण?"

यष्टी गेली. गाव असं हासलं, असं वरडलं, काय सांगू तुला. धोंडुबाईनं येऊन मला मिठी मारली. आडावरलं इसरली हुती ती. मी न्हवते इसरले, पण मी बी मिठी मारली. सांजंच्या आत देवळाच्या भिताडावरला गेरू दादासोच्या माणसांनीच चुन्यानं पुसून काढला.

मग दोघं बी पैलवानागत लढले. रोज सभा, रोज शिव्या, समोर गाठ पडली की तंबाखूची देवघेव. आन् निकाल लागला. मामंजी पडले. थोडक्यात पडले, पण पडले. मी दारात बसून हुते. गुलालात न्हालेली मिरवणूक आली, हलगी कडाडत. दारापुढं थांबली. मला वाटलं, आता चिडवणार. दादासो एकटा पुढं आला. तोंड, मिशी, पटका, सारं गुलाबी.

"वैनी," तो म्हणाला, "आजी कुठं हाय आमची?"

मला कळंचना. आमच्या घरात आजी कुठली? मामंजींना कळलं. ते उठले आन् पुढं चालाय लागले. दादासो मागनं, मी त्याच्या मागनं. ओढ्याकडंला लिंबाखाली एक बिनघडीचा दगूड हाय, तू बघितलास, आपण सणाला तिथं निवद ठेवतो. बनुबाईला तिथंच मातीत ठेवलेली. पाटलाचा दादासो त्या दगडापुढं गुडघ्यावर बसला. त्याच्या कण्यातनं कडकड आवाज आला का न्हाई ते मी ऐकलं न्हाई. मुठीतला गुलाल त्यानं दगडाला लावला आन् डोसकं टेकलं ते लय वेळ उचललंच न्हाई.

तो उठल्यावर मामंजी त्याला म्हणाले, "दादासो, पुढल्या खेपंला मी तुला पाडतो."

"बघू की," तो नाक पुसत म्हणाला.

आन् पाडलं की गेल्या साली! चांगलं दणकून पाडलं. आता गावचं सरपंच हाईत तुझे मामंजी. निकालाच्या दिशी दादासो घरात तोंड लपवून बसला हुता. मामंजी स्वता गेले, हाताला धरून त्याला उठवलं, "चल रं," म्हणाले, आन् गुलालाचं ताट दोघांनी मिळून आजीकडं नेलं.